गुडघा बदलावा लागेल का? : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गुडघ्याची झीज, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस, निघाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ऑपरेशन लागेल का, आणि कधी? डॉक्टर अंदाज देतात, शेजारीपाजारी देतात, आता संगणकही देतो. तो अंदाज नेमका कशाचा, याबद्दलच घोळ आहे. बोलीतल्या ‘वाटी बदलली’पासूनच त्याची सुरुवात होते. शस्त्रक्रियेत मांडीच्या हाडाचे खालचे आणि नडगीच्या हाडाचे वरचे टोक कापून त्यांवर धातूचे भाग बसवतात, मध्ये प्लास्टिकचा थर असतो. वाटी पुष्कळदा मूळचीच राहते.

गैरसमज : एक्स-रेत ‘ग्रेड चार’ आली, म्हणजे ऑपरेशन ठरलेच.

वस्तुस्थिती : शून्य ते चार ही प्रतवारी केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५७ साली मांडली. हाडांमधली फट किती उरली, कडेला हाड किती वाढले, असे हाडांतले बदलच ती पाहते. वेदना तिच्या हिशेबात नाही. कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण, तर साध्या एक्स-रेत दिसतही नाही, ती फटीवरून ताडायची असते. म्हणून एक्स-रे उभे राहून काढलेला हवा. झोपून काढला तर गुडघ्यावर भार नसतो आणि फट आहे त्याहून मोठी भासू शकते. ग्रेड चारचा माणूस मंडईतून दोन पिशव्या भरून आणतो आणि ग्रेड दोनचा जिन्यात कठडा सोडत नाही, असे दिसते. वरच्या ग्रेडला शक्यता वाढते, हे खरे. पण शक्यता म्हणजे निकाल नव्हे.

गैरसमज : कृत्रिम बुद्धिमत्ता आता अचूक सांगते.

वस्तुस्थिती : असा अंदाज देणारी बरीच संगणकीय प्रारूपे एका अमेरिकी पाहणीच्या माहितीवर घडली आहेत. ‘ऑस्टिओआर्थ्रायटिस इनिशिएटिव्ह’ नावाच्या या पाहणीत ४५ ते ७९ वयाचे ४,७९६ लोक होते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रारूपाने नुसत्या एक्स-रेवरून पुढच्या नऊ वर्षांतले सांधेरोपण ओळखण्याचा प्रयत्न केला. त्याला १ पैकी ०.८७ गुण मिळाले. अर्थ असा, की पुढे ऑपरेशन झालेला एक आणि न झालेला एक अशा दोन गुडघ्यांची जोडी समोर ठेवली, तर शंभरांपैकी साधारण ८७ वेळा पहिल्याला जास्त धोका दिला जातो. एकट्या रुग्णाबद्दलची खात्री ही नव्हे.

खरी मेख पुढे आहे. यंत्राला शिकवलेले उत्तर ‘गुडघा किती बिघडला’ हे नव्हतेच. ‘ऑपरेशन झाले का’ हे होते. आणि ऑपरेशन हा निर्णय असतो. त्यात पैसा येतो, विमा येतो, भीती येते, नंतर घरी करणारे कोण हेही येते. कॅनडातल्या ओंटारिओत झालेल्या अभ्यासात ऑपरेशनची सर्वांत ठळक पूर्वखूण रुग्णाची स्वतःची तयारी ही निघाली.

माहिती जशी परदेशातली, तशी त्रास मोजायची पट्टीही परक्या सवयींची. जगभर वापरली जाणारी ‘वोमॅक’ ही प्रश्नावली कॅनडात तयार झाली. मोजे घालताना, मोटारीत बसताना किती त्रास होतो, हे ती विचारते. मांडी घालून बसता येते का, हे विचारत नाही. पुण्याच्या सेंटर फॉर र्‍हुमॅटिक डिसीजेसने म्हणूनच तिची भारतीय राहणीला जुळणारी आवृत्ती केली.

गैरसमज : आज ना उद्या करायचेच, तर लवकर उरकलेले बरे.

वस्तुस्थिती : डेन्मार्कमध्ये ऑपरेशनसाठी पात्र ठरलेल्या १०० जणांवरची चाचणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. निम्म्यांना आधी व्यायाम, आहाराचा सल्ला, बुटातले सोल आणि वेदनाशामके दिली. वर्षभरात त्यांतल्या १३ जणांनीच ऑपरेशन करून घेतले. उरलेल्या निम्म्यांचे ऑपरेशन आधीच केले होते; त्यांना आराम जास्त पडला, पण गंभीर गुंतागुंतीही त्यांच्यातच जास्त होत्या. याचा अर्थ अंथरुणाला खिळेपर्यंत थांबावे असा नाही : ऑपरेशनपूर्वी हालचाल फारच खालावली असेल, तर नंतरही ती इतरांच्या तुलनेत कमीच राहते. मात्र कमी वयात घाई महाग पडते. ब्रिटनमधल्या २०१७ सालच्या आकडेवारीनुसार सत्तरीनंतर बसवलेला सांधा हयातीत पुन्हा बदलावा लागण्याची शक्यता ५ टक्क्यांच्या आसपास, तर पन्नाशीच्या सुरुवातीच्या पुरुषांत ती ३५ टक्क्यांपर्यंत होती. आणि दुसऱ्यांदा सांधा बदलणे हे पहिल्या वेळेपेक्षा अवघड काम असते.