डिस्क ब्रेक बसवले, तरी चाक का धरतं?

ईदला गावी जायचं ठरलं की घरातली जुनी जीप बाहेर निघते. घाटात ड्रमचे ब्रेक कमी पडतात म्हणून अनेकजण पुढे डिस्क बसवून घेतात. आमच्या ओळखीतल्या एका घरानेही तेच केलं. मुंबईहून खेडला निघाले, आणि कशेडी घाट यायच्या आधीच पुढच्या चाकातून जळका वास यायला लागला. गॅरेजवाल्याने दोन्ही कॅलिपर बदलले, पैसे घेतले. चाक पुन्हा तसंच गरम! कॅलिपरचा दोष नव्हताच मुळी.

ड्रममध्ये लायनर मागे ओढायला चांगल्या ताकदीच्या स्प्रिंगा असतात. डिस्कमध्ये हे काम पिस्टनभोवतीचं चौकोनी रबर सील करतं. ब्रेक दाबला की ते किंचित वाकतं, पाय काढला की पिस्टनला केसभर मागे घेतं. बस, एवढंच. त्यामुळे लाइनमध्ये थोडा जरी दाब अडकून राहिला तरी पॅड डिस्क सोडत नाही. (हाताने चाक फिरवताना हलकी घासण ऐकू आली तर घाबरू नका, डिस्कला तेवढी असतेच.)

बदललेल्या गाडीत पहिला संशय जुन्या मास्टर सिलेंडरवर घ्यावा. ड्रमसाठी बनलेल्या अनेक मास्टर सिलेंडरांच्या तोंडाशी एक छोटा व्हॉल्व्ह असतो. तो साधारण १० पीएसआय दाब मुद्दाम धरून ठेवतो. ड्रमच्या स्प्रिंगा त्याला पुरून उरतात, डिस्कला मात्र तो भारी पडतो. पुढच्या लाइनमधला हा व्हॉल्व्ह काढायला हवा. मागे ड्रमच असतील तर तिथला राहू द्या. मास्टर सिलेंडर पायाखाली चेसिसला, कॅलिपरच्याही खाली असेल, तर ऑइल मागे उतरू नये म्हणून डिस्कच्या लाइनला २ पीएसआयचा व्हॉल्व्ह लावतात. आणि पुढच्या-मागच्या चाकांना एकच लाइन असेल तर आमचं स्पष्ट मत: दोन लाइनचा टँडम मास्टर सिलेंडर घालूनच घ्या.

दुसरा संशय पुश रॉडवर. तो जरा लांब बसला की पिस्टन पूर्ण मागे येत नाही, ऑइल परत टाकीत जायचं भोक बंदच राहतं. मग इंजिनाच्या उष्णतेने ऑइल फुगतं आणि ब्रेक आपोआप लागत जातो. ‘सकाळी ठीक असते, तासाभराने धरते’ असं कोणी म्हणालं तर आधी हेच बघावं.

तपासताना गाडी सपाट जागेवर घ्या, मागच्या चाकांना ठोकळे लावा, पुढून स्टँडवर उचला. चाक धरलेलं असतानाच उस्तादांना मास्टर सिलेंडरचे बूस्टरकडचे नट दोन-तीन मिलिमीटर ढिले करायला सांगा. चाक सुटलं तर पुश रॉड लांब आहे. नाही सुटलं, तर नट कसून मास्टर सिलेंडरजवळचा पाइप ढिला करा. आता सुटलं तर दाब मास्टर सिलेंडरमध्ये, म्हणजे बहुधा तोच व्हॉल्व्ह. तरीही नाही, पण कॅलिपरचा निपल उघडताच सुटलं, तर रबरी होज पाइप आतून फुगलाय. बाहेरून तो अगदी नवा दिसू शकतो. निपल उघडूनही चाक अडलेलंच असेल तर दाबाचा प्रश्न नाही. कॅलिपरच्या पिना, वाकडा बसलेला ब्रॅकेट, नाहीतर अडकलेला पिस्टन बघा. कॅलिपर बदलायची वेळ आली तर इथे, त्याआधी नाही.

त्या जीपमध्ये जुना व्हॉल्व्ह तसाच राहिला होता.

चाक एकदा फार तापलं असेल तर ऑइलही बदला. नवं डॉट ३ ऑइल २०५ अंशांना उकळतं, पण ओलावा धरलेलं १४० च्या आसपासच. आणि उकळलं की पेडल थेट खाली जातं, उतारावर असलात तरी. नीट हवा काढून घ्या. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. पहिली ट्रायल सपाट रस्त्यावर, घरच्यांना न बसवता.