चर्चेची सभा टिकते कशाने?

व्यापारी मंडळांच्या सभांविषयी एक तक्रार नेहमी ऐकू येते : सभेत कोणी बोलत नाही आणि सभा उठल्यावर पेढीच्या पायरीवर मात्र सर्वच बोलतात. मनमोकळी चर्चा करणारी सभा कशावर चालते, याचे एक उदाहरण आपल्या सुरतेतच घडून गेले आहे.

कतारगाम आज हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या कारखान्यांनी गजबजलेले आहे. त्या काळी ते तटाबाहेरचे गाव होते. शहराचा कतारगाम दरवाजा त्याच्याच नावाचा. त्या तटाच्या आत २२ जून १८४४ रोजी ‘मानवधर्म सभा’ स्थापन झाली. पुढाकार दुर्गाराम मेहताजी या गुजराती शिक्षकांचा आणि अध्यापनासाठी सुरतेस आलेल्या दादोबा पांडुरंग तर्खडकरांचा. दादोबांचे मराठी व्याकरण १८३६ सालीच प्रसिद्ध झाले होते. मराठी व गुजराती विद्वानांनी एका बैठकीवर बसावे, हे सुरतेच्या बाजारपेठेस साजेसेच म्हणावयाचे!

सभेचे दार उघडे असे. जातिभेद, विधवांची स्थिती, मंत्रतंत्र अशा घराघरांत कलह माजविणाऱ्या विषयांवर तेथे उघड बोलणे होई. मांत्रिकांना तर आपली विद्या सर्वांसमक्ष सिद्ध करून दाखवा, असे आव्हानच दिले गेले. विरोधकास टाळण्याऐवजी समोर बोलावणे, हे त्या सभेचे बळ होय. दुसरे बळ वहीचे. दुर्गाराम कामकाजाची टिपणे ठेवीत. व्यापाऱ्यास रोजमेळाचे महत्त्व सांगावयास नको. काल कोण काय बोलले हे लिहिलेले असले, की आज शब्द फिरविणे अवघड जाते.

दादोबा मुंबईस गेल्यावर त्यांच्या प्रेरणेने १८४९ साली परमहंस सभा निघाली. तिची रीत उलट, सारे गुप्त. १८६० च्या सुमारास सभासदांची नावे फुटली आणि समाजाच्या भयाने मंडळी पांगली. सुरतेच्या सभेस लोकनिंदा सोसावी लागली, पण फुटण्यासारखे गुपित तिच्यापाशी नव्हते.

तरीही ती सभा दीर्घायुषी ठरली नाही, हे मान्य केले पाहिजे. १८४६ साली दादोबा गेले, १८५२ साली दुर्गाराम राजकोटास गेले आणि सभा मावळली. दोघा-तिघांच्या खांद्यावरील भार उचलावयास दुसरी फळी उभी राहिली नव्हती. वर्षानुवर्षे तेच अध्यक्ष आणि तेच चिटणीस निवडणाऱ्या मंडळांनी हे ध्यानात घ्यावयास हरकत नाही. दुर्गारामांची टिपणे मात्र उपयोगी पडली; त्यांच्या आधारे महीपतराम रूपराम नीलकंठ यांनी १८७९ साली त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले, आणि त्या बैठकींत काय बोलणे झाले हे आज आपणांस कळते ते त्यामुळेच.