सात वर्षांनीं उघडलेली वही

प्रवासाहून परत आलेल्या कुटुंबाला पहिल्या आठवड्यांत दोन कामें हटकून करावीं लागतात. एक म्हणजे मळक्या कपड्यांचा ढीग उपसणें, आणि दुसरें म्हणजे भेटावयास येणाऱ्या आप्तेष्टांना प्रवासाची हकीकत सांगणें. पहिलें काम हल्लीं यंत्र करतें आणि दुसरें मोबाईल करतो. पाहुणे दिवाणखान्यांत टेकतात न टेकतात तोंच तो त्यांच्या हातीं दिला जातो. ते बोटानें एकामागून एक चित्रें सरकवितात, 'वा, फारच सुंदर!' असें म्हणतात, चहा घेतात आणि आपल्या घरीं जातात. गेल्या दिवाळीच्या सुटींत आमचें नऊ माणसांचें कुटुंब मॉरिशस बेटाला जाऊन आलें. घरांतल्या सहा मोबाईलांत मिळून तीन हजारांवर चित्रें सांठलीं आहेत. असें असूनही, परत आल्यावर चौथ्याच दिवशीं, त्या प्रवासांतील जी एक गोष्ट खरोखर सांगण्यासारखी होती तीच आमच्यापैकीं कोणालाही धड सांगतां येईना. तें कसें झालें, तें येथें सांगावयाचें आहे.

आमच्या घरीं प्रवासाची वही ठेवण्याची चाल माझ्या मामंजींनीं पाडली. मी लग्न होऊन या घरीं आलें त्या वर्षीं सारें कुटुंब काशीयात्रेला निघालें होतें. पहिल्याच मुक्कामीं मामंजींनीं एक शंभर पानी वही माझ्या हातीं दिली आणि म्हणाले, "सूनबाई, आज काय पाहिलें, कोठें जेवलों, कोणाशीं चार शब्द बोललों, तें निजण्यापूर्वीं लिहून ठेवीत जा. सुंदर लिहूं नकोस, खरें लिही." परत आल्यावर रोज रात्रीं जेवणें आटोपलीं कीं माजघरांत वहीचें वाचन होई. सासूबाई सुपारी कातरतां कातरतां मध्येंच म्हणत, "तें देऊळ उजव्या हाताला होतें, डाव्या नव्हे." मामंजी तांबड्या पेन्सिलीनें माझें शुद्धलेखन सुधारीत, आणि मुलें पेंगत पेंगत ऐकत. अशा चौदा वह्या भरल्या. सात वर्षांपूर्वीं मामंजी गेले, आणि पंधरावी वही कपाटांत कोरीच राहिली. त्यानंतर प्रवास झाले नाहींत असें नव्हे. पण ऐकून चुका काढणारें माणूस गेल्यावर लिहावयाचें तरी कोणासाठीं, असें मनानें घेतलें. पुढें चित्रें काढणें इतकें सोपें झालें कीं न लिहिण्याला एक निमित्तही मिळालें.

मॉरिशसला जाण्याचें ठरलें तें सासूबाईंमुळें. त्यांचें माहेर राजापूरकडलें. त्यांच्या लहानपणीं गांवांतली एक म्हातारी सांगे कीं, आमच्यांतला एक माणूस 'मोरस'ला गेला तो परत आलाच नाहीं. हें मोरस म्हणजेच मॉरिशस. आपल्याकडील जुनीं माणसें शुभ्र दाणेदार साखरेला 'मोरस साखर' म्हणत, तें ती साखर या बेटावरून येई म्हणूनच. मुलांना समुद्र हवा होता, ह्यांना विश्रांति हवी होती, आणि सासूबाईंना, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं, मोरस पाहावयाचें होतें. त्यामुळें सर्वांचें एकमत होण्यास वेळ लागला नाहीं.

मुंबईहून विमानानें साऱ्या सहा-साडेसहा तासांचा प्रवास. बेट लहानच, लांबी सुमारें ६५ किलोमीटर आणि रुंदी ४५. जमीन ज्वालामुखीची, दगड काळा, आपल्या सह्याद्रीच्या दगडासारखाच. कार्तिकाच्या दिवसांत तेथें उन्हाळा सुरू होत असल्यामुळें गुलमोहोर फुललेले होते, आणि उसाची तोडणी चालू होती. त्या उसाच्या शेतांतून मध्येंमध्यें काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग रचलेले दिसतात. प्रथम आम्हांला ते जुन्या चौथऱ्यांचे अवशेष वाटले. मागाहून कळलें कीं ऊस लावण्यापूर्वीं जमिनींतून जे दगड काढावे लागले तेच हे. आणि त्यांतले पुष्कळसे हिंदुस्थानांतून नेलेल्या मजुरांनीं हातांनीं वेंचून रचलेले.

त्या मजुरांची हकीकत पोर्ट लुई शहरांतील 'आप्रवासी घाट' पाहिल्यावर समजते. १८३५ सालीं बेटावरील गुलामगिरी संपली. मळेवाल्यांना नवे हात हवे होते. त्यासाठीं हिंदुस्थानांतून करारानें मजूर नेण्याचा उद्योग इंग्रज सरकारनें आरंभिला. २ नोव्हेंबर १८३४ रोजीं 'ॲटलास' नांवाच्या जहाजानें पहिले ३६ मजूर कलकत्त्याहून तेथें आणिले. आणि १९२० पर्यंत सुमारें पांच लाख माणसें या मार्गानें आलीं. बहुतेक बिहारकडील, कांहीं मद्रासेकडील, आणि मुंबई बंदरांतून गेलेलीं कांहीं आपल्या रत्नागिरी, सातारा या भागांतील. १८४९ सालीं बांधलेल्या त्या तळाचा थोडासाच भाग आज शिल्लक आहे. २००६ सालीं युनेस्कोनें त्याची जागतिक वारशांत गणना केली. बंदराकडून वर येणाऱ्या दगडी पायऱ्या सोळा. सासूबाई तेथें उभ्या राहिल्या आणि एवढेंच म्हणाल्या, "किती थोड्या पायऱ्या, नाहीं ? चढावयास, आणि मग उतरणें नाहीं."

प्रत्येक मजुराला तेथें एक क्रमांक मिळे. कारकून त्याचें नांव, बापाचें नांव, वय, उंची, अंगावरील खूण, जिल्हा आणि गांव हीं सर्व एका मोठ्या नोंदवहींत लिही. १८६० नंतरच्या काळांत छायाचित्रही काढूं लागले. या नोंदी मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत आज जपून ठेविल्या आहेत. पण त्या लिहिल्या परक्या कारकुनानें, त्याच्या कानाला जसें ऐकूं आलें तसें. ज्यांच्याविषयीं त्या आहेत त्यांतील फारच थोड्यांना आपलें नांव लिहितां येत होतें. म्हणून त्यांना बेट कसें दिसलें, पहिल्या रात्रीं ते काय जेवले, कोणाची आठवण येऊन रडले, हें त्या वहींत कोठेंच नाहीं.

आम्हांला फिरविणारा मोटारचालक पहिल्या दिवसापासून सासूबाईंच्या नऊवारीकडे पाहत होता. तिसऱ्या दिवशीं त्यानें हिंदींत सांगितलें कीं, आमचें घरही मराठी. माझ्या आजीला तुम्ही भेटाल का? बेटाच्या पश्चिम अंगाला त्याचें खेडें होतें. ओसरीवर तुळशीवृंदावन, भिंतीवर गणपतीचें चित्र. तेथील मराठी समाजानें गणेशोत्सव जपला आहे, कोंकणांतली जाखडी 'झाकरी' या नांवानें जपली आहे. आणि गणेशचतुर्थीला तर साऱ्या देशाला सुटी असते. आजीबाई ऐंशीच्या पुढच्या. बोलणें सगळें तेथील क्रेओल भाषेंत. पण आरती म्हटली ती अथपासून इतिपर्यंत, एकही शब्द न चुकतां. त्यांची पणती मात्र शाळेंत मराठी शिकलेली. तिनें आम्हांला, "आपण कोणत्या गांवाहून आलांत ?" असें स्वच्छ पुस्तकी मराठींत विचारलें, तेव्हां आमचा धाकटा, ज्याच्या प्रत्येक वाक्यांत निम्मे इंग्रजी शब्द असतात, तो माझ्या पाठीमागें दडला.

थोड्या वेळानें आजीबाईंनीं एक घडी घातलेला कागद काढला. त्यांच्या सासऱ्यांच्या आजोबांच्या नोंदीची ती नक्कल होती. क्रमांक होता, जहाजाचें नांव होतें, वय बावीस होतें. त्या घराण्याचें आडनांवही त्या पहिल्या माणसाच्या नांवावरूनच पडलेलें. जिल्हा रत्नागिरी, हें वाचतां येत होतें. पण गांवाच्या रकान्यांतील इंग्रजी अक्षरांचा कोणाला उलगडा होईना. पणतीनें भाषांतर करून सांगितलें, "आजी म्हणते, आम्हांला नंबर ठाऊक आहे, गांव ठाऊक नाहीं."

सासूबाईंनीं ह्यांना तीं अक्षरें एक एक करून मोठ्यानें वाचावयास लाविलीं. दोनदां, तीनदां. स्वतः ओंठांतल्या ओंठांत पुटपुटत राहिल्या. मग त्यांनीं आजीबाईंना विचारलें, कुलदेवता कोणती, गौरीला नैवेद्य कशाचा दाखवितां, लग्नांत पहिला नारळ कोणाला ठेवितां. उत्तरें ऐकतां ऐकतां त्यांचा चेहरा उजळला आणि त्यांनीं एका गांवाचें आणि त्यांतील एका वाडीचें नांव घेतलें. "माझ्या आत्याबाईंचें सासर तेथून नदीपलीकडे," त्या म्हणाल्या. आजीबाईंनीं तें नांव दोनदां उच्चारलें, आणि दोन्ही हात सासूबाईंच्या गालांवर ठेविले. बराच वेळ कोणी कांहीं बोललें नाहीं. आम्ही तेवढ्या वेळांत अकरा चित्रें काढलीं.

परत आल्यावर चौथ्या दिवशीं वन्सं आल्या. मोबाईल त्यांच्या हातीं होताच, आजीबाईंच्या चित्रावर येतांच त्यांनीं विचारलें, "ह्या कोण?" आम्ही सर्वांनीं सासूबाईंकडे पाहिलें, कारण ती गोष्ट त्यांची होती. त्यांनीं उत्साहानें आरंभ केला, आणि वाडीच्या नांवापाशीं येऊन त्या थांबल्या. "ती वाडी... आपली ती..." गेल्या वर्षापासून त्यांना विसर पडूं लागला आहे, आम्ही तो थट्टेवारी नेत आलों होतों. ह्यांना वाटलें, नांव 'क'नें सुरू होतें. भावजी म्हणाले, 'ग'नें. अकराही चित्रें मोठीं करकरून पाहिलीं. त्यांत चेहरे होते, तुळस होती, ताटांतले पदार्थ होते. कागद कोणीच टिपला नव्हता. आणि टिपला असता तरी वाडीचें नांव त्यावर थोडेंच होतें? सासूबाई कांहीं वेळ गप्प बसल्या. नंतर माझ्याकडे वळून अगदीं हळू म्हणाल्या, "अग, वही कोठें आहे ?"

मला उत्तर देतां आलें नाहीं.

त्या रात्रीं माझ्या लेकीनें मोटारचालकाच्या मोबाईलवर निरोप पाठविला. सकाळीं उत्तर आलें. त्या पणतीनें आपल्या शाळेच्या वहीचें एक पान टिपून पाठविलें होतें. गोल, टपोऱ्या देवनागरी अक्षरांत त्या दिवसाची तारीख, 'पुण्याच्या आजी आल्या' हें वाक्य, मग गांव, वाडी, नदी आणि नदीपलीकडचें आत्याबाईंचें सासर, सर्व कांहीं ओळीनें लिहिलेलें. खालीं एक ओळ होती : 'आजी म्हणाली, हें आत्तांच लिही, नाहीं तर पुन्हां हरवेल.' त्या वाडीचें नांव मी येथें देत नाहीं. तें त्या घराचें आहे आणि आतां त्या घरांत सुखरूप आहे.

तें पान पाहून आनंद झाला तितकीच लाजही वाटली. आमच्या घरांत चार पिढ्या शिकलेल्या आहेत आणि त्याचा अभिमान आम्ही थोडाफार मिरवितोंही. ज्यांच्या पूर्वजांना एक अक्षर लिहितां येत नव्हतें, त्यांनीं न लिहिण्याची किंमत पुरी ओळखली होती. आम्ही ती विसरलों होतों. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे घरची गरिबी निवारावी म्हणून उत्तरेंत गेले आणि १८५७ च्या बंडांत सांपडले. पुढें पुष्कळ वर्षांनीं त्यांनीं ती हकीकत लिहून काढिली, आणि ती 'माझा प्रवास' या नांवानें १९०७ सालीं प्रसिद्ध झाली. एका भिक्षुकानें उतारवयांत लेखणी हातीं धरली नसती, तर त्याच्या डोळ्यांनीं दिसलेली झांशी आपल्याला दिसली नसती. तेव्हां उशीर झाला हें न लिहिण्याचें कारण होऊं शकत नाहीं. आणि ऐकणारें माणूस राहिलें नाहीं, हें माझें कारण तर साफ चुकीचें होतें. ऐकणारीं माणसें घरांतच होतीं. त्यांतील एकाची स्मृति आमच्या देखत ओसरत होती.

चित्रांना मी नांवें ठेवीत नाहीं. सासूबाईंच्या गालांवर ठेवलेले ते दोन सुरकुतलेले हात मला शब्दांत कधींच पकडतां आले नसते. परंतु चित्र चेहरा दाखवितें, नांव सांगत नाहीं. आणि नांव गेलें कीं दोन पिढ्यांनीं तो चेहराही 'कोणी एक बाई' होऊन बसतो. ज्या घरांत वृद्ध माणसें आहेत, त्या घरानें प्रवासांत, आणि प्रवास नसला तर घरीं बसल्याही, रोज चार ओळी लिहून ठेवाव्या. चांगलें लिहितां यावें लागत नाहीं. निजण्यापूर्वींचीं दहा मिनिटें पुरतात.

त्याच दिवशीं मीं कपाटांतून पंधरावी वही काढली. पानें कडेनें पिंवळीं पडलीं होतीं. पहिल्या पानावर ती वाडी लिहिली आणि मग विमानतळापासून आरंभ केला. हल्लीं रात्रीं जेवणें झालीं कीं माजघरांत पुन्हां वाचन होतें. परवां मीं सोळा पायऱ्यांचें वर्णन वाचीत होतें. सासूबाई म्हणाल्या, "समुद्र उजव्या हाताला नव्हता, समोर होता." धाकटा उठला, आजोबांच्या टेबलाच्या खणांतून तांबडी पेन्सिल शोधून घेऊन आला, आणि तो शब्द त्यानें सुधारला.