घुमणारा रेडिओ आणि रोधकाची निवड

कांहीं घरांतून व्हॉल्व्हचा जुना रेडिओ अद्यापि जपून ठेवलेला आढळतो. तो लावला कीं पुष्कळदां कार्यक्रमाच्या मागें एकसारखी घूं घूं ऐकूं येते. ती घालविण्यास रोधक केवढा घ्यावा, एवढाच आजचा विषय.

आपल्या घरची वीज सेकंदास ५० आवर्तनें करिते. रेक्टिफायर तिला एकाच दिशेस वळवितो, पण प्रत्येक आवर्तनाचे दोन्ही अर्धभाग उपयोगांत आल्यामुळें सेकंदाला १०० उमाळे उरतात. पहिला कंडेन्सर टांकीप्रमाणें त्यांनीं भरतो, तरी पातळी हेलकावे खातेच. हीच ती घूं घूं. पुढें रोधक व त्यामागून दुसरा कंडेन्सर जोडला म्हणजे हेलकावा बहुतेक रोधकावरच अडतो.

किती अडतो? १००, रोधकाचे ओहम व कंडेन्सरचे फॅरड यांचा गुणाकार ६.२८ नें गुणावा. १००० ओहम व १६ मायक्रोफॅरड घेतले तर उत्तर सुमारें १०, म्हणजे हेलकावा दशांश उरला. (मायक्रोफॅरड हा फॅरडचा दशलक्षांश, हें ध्यानांत असावें.)

मग रोधक चौपट कां घेऊं नये? कारण त्याचें मोल प्रवाह वसूल करितो. त्या वाटेनें ५० मिलिअँपिअर जात असतील तर १००० ओहमवर ५० व्होल्ट खर्चीं पडतात आणि अडीच वॅट उष्णता होते. तोच प्रवाह ४००० ओहममधून नेऊं म्हटल्यास २०० व्होल्ट वाटेंतच संपतील! म्हणून कोणताहि संच न पाहतां "हजारच घाला" असें ठोकून सांगणाऱ्या मेकॅनिकवर माझा फारसा भरंवसा नाहीं. आधीं प्रवाह मोजावा, मग ओहम ठरवावे.

कर्ण्याला जोर देणारा शेवटचा व्हॉल्व्ह सर्वांत खादाड. परंतु त्याच्या पुढें आवाज वाढविणारें कोणी नसतें, म्हणून त्याच्या प्लेटला थोडा हेलकावा चालतो. तिचा पुरवठा पहिल्या कंडेन्सरवरूनच घ्यावा. उलट आरंभींच्या व्हॉल्व्हमधील घूं घूं पुढें वाढतच जाते. तेथें शुद्धता हवी, आणि सुदैवानें प्रवाह तेथेंच कमी असतो. २ मिलिअँपिअरला १०,००० ओहम दिले तरी २० व्होल्टच जातात, उष्णता नाममात्र, आणि १६ मायक्रोफॅरडनें हेलकावा शतांशावर येतो.

आणखी एक युक्ति. हजाराऐवजीं पांचशें ओहमचे दोन रोधक घेऊन प्रत्येकामागें १६ मायक्रोफॅरड दिले, तर व्होल्ट तितकेच जातात, पण हेलकावा पंचविसाव्या अंशाहूनहि खालीं उतरतो. एकच कंडेन्सर दुप्पट केला असतां मात्र तो विसांशच होतो. पहिला कंडेन्सर मात्र वाटेल तेवढा वाढवूं नये. रेक्टिफायर व्हॉल्व्हला तो भार सोसत नाहीं.

लॅमिंग्टन रोडवर रोधक मागतांना ओहमबरोबर वॅटहि सांगावे; हिशेबानें अडीच आले तर पांचाचा घ्यावा.

संच बंद केल्यावरहि कंडेन्सरांत ३०० व्होल्ट राहूं शकतात, आणि ते जिवावर बेततात. याकरितां शेवटच्या कंडेन्सरच्या दोन टोकांस १,००,००० ओहमचा, २ वॅटांचा रोधक कायमचा जोडावा. एकंदर ३२ मायक्रोफॅरड असल्यास सुमारें १६ सेकंदांत दाब दोन व्होल्टांवर येतो. तरीहि तो रोधक तुटला असण्याचा संभव असतो. हात घालण्यापूर्वीं मीटर लावून पाहावा.