छाया आणि घटिका

जयपूरच्या जंतरमंतरमधील सम्राट यंत्र सवाई जयसिंगाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात उभारले. त्याच्या सुमारे 27 मीटर उंच भिंतीची छाया चापाकृती पट्टीवरून दर सेकंदाला साधारण एक मिलिमीटर सरकते. ती कोठे थांबत नाही, उडी घेत नाही. सूर्य सरकतो तशी सरकते. याउलट घटिकापात्र पाहावे. बुडाशी सूक्ष्म छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडतात. ती भरून बुडाली, की एक घटिका, म्हणजे 24 मिनिटे, झाली. महाराष्ट्रात विवाहाचा मुहूर्त साधण्यासाठी हे पात्र ठेवीत असत. वाटी अर्धी भरली की पाऊण, याला हिशेबात स्थान नाही. बुडाली तर एक, नाही तर शून्य.

काळ एकच, पण छाया त्याचे माप घेते आणि वाटी त्याची मोजदाद करते. आज ज्यांस अ‍ॅनलॉग आणि डिजिटल म्हणतात, त्या दोन पद्धतींचे बीज येथेच आहे. पहिलीत वस्तूच्या बदलाबरोबर तिची प्रतिमा अखंडपणे बदलते. दुसरीत त्या बदलाची जागा अंक घेतात.

मग अखंड ते खरे आणि अंक ते तुटपुंजे, असे मानावे काय? तसे नाही. सूर्य हा बिंदू नसून बिंब आहे. म्हणून सम्राट यंत्रावरील छायेची कड कित्येक सेंटीमीटर धूसर राहते. तत्त्वतः लाभलेली अनंत सूक्ष्मता त्या धूसरतेत बुडून जाते. उलट ‘पाच घटिका झाल्या’ हा निरोप दहा तोंडी फिरला, तरी पाचाचे पाचच राहतात.

ध्वनीच्या बाबतीत हा भेद अधिक महत्त्वाचा ठरतो. ग्रामोफोनच्या तबकडीवरील खाच ही ध्वनिलहरीचीच आकृती असते. चुंबकीय फितीची नक्कल केली, की थोडी खरखर वाढते. नकलेच्या नकलेत ती आणखी साचते. 1982 साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर मात्र लहरीची उंची सेकंदाला 44,100 वेळा मोजून 65,536 पायऱ्यांपैकी एकीवर नोंदलेली असते. दोन मोजण्यांमधला स्वर हरवतो, ही शंका स्वाभाविक आहे. पण क्लॉड शॅनन यांनी 1949 साली प्रसिद्ध केलेल्या सिद्धान्तानुसार, मोजण्याची गती ध्वनीतील सर्वोच्च कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक असेल, तर मूळ लहर पूर्णपणे परत उभी करता येते. मानवी कानाची मर्यादा सुमारे 20,000 कंपनांची, म्हणूनच 44,100. जे गमावते ते मर्यादेपलीकडचे, आणि पायरीवर बसविताना सुटलेला सूक्ष्म अंश. अंकांची नक्कल मात्र मुळाबरहुकूम होते.

तथापि अंकांचीही एक उणीव आहे. चरा पडलेली तबकडी खरखरत का होईना, गाते. अंकांतील बिघाड दुरुस्तीपलीकडे गेला, की एकदम शांतता पसरते. शिवाय त्या अंकांची भाषा जाणणारे यंत्रही टिकावे लागते.

जुन्या गायकांचे आवाज साठविलेल्या फिती काळाने झिजत आहेत. त्या झिजण्यापूर्वी अंकांत उतरविल्या पाहिजेत. आणि उतरविल्यावरही मूळ फीत टाकून देऊ नये. कारण कोठे थांबायचे हे अंक घेणारा ठरवितो, आणि उद्याचा ऐकणारा अधिक सूक्ष्म मोजणी मागू शकतो.