निजू पाहणारे अस्वल

थंडीच्या दिवसांत मुलाबाळांसह पाहावेत अशा जुन्या व्यंगपटांत डिस्नेच्या चित्रशाळेतील ‘बेअरली अस्लीप’ला मी वरच्या पंगतीत बसवीन. १९५५ सालचा हा लघुपट जॅक हॅना यांनी दिग्दर्शित केला. कथा चिमुकली आहे. हिवाळा येतो, अस्वले गुहेत निजावयास जातात. पण हंफ्री नावाच्या अस्वलाचे घोरणे इतरांना असह्य होऊन ती त्याला बाहेर घालवतात. बिचारा डोनाल्ड बदकाचे दार ठोठावतो, तेथेही थारा नाही. शेवटी बाळाचे सोंग घेऊन तो गुहेत परततो.

वाड्यात वाढलेल्यांना ही गंमत परकी वाटणार नाही. एका माजघरात दहा माणसे निजत. कोण घोरतो हे सर्वांस ठाऊक असे, पण त्यापायी कोणाला अंगणात घालवल्याचे ऐकिवात नाही!

विनोदाखाली मात्र एक कठोर सत्य आहे. अस्वल निजते ते केवळ थंडीच्या भयाने नव्हे, तर अन्न सरते म्हणून. अमेरिकेतील काळे अस्वल महिनोन् महिने काही न खाता अंगच्या चरबीवर जगते. त्या दिवसांत ज्याची झोप मोडली, त्याच्यापुढे उपासमार उभी राहते. हंफ्रीची धडपड जिवाची धडपड आहे, म्हणूनच तिचे हसू येते आणि कणवही.

लोधीपुऱ्यात शेजारची मुले जमवून हा चित्रपट दाखविला, तेव्हा एका मुलीने विचारले, “आपल्या सातपुड्यातली अस्वले कुठं निजतात?” प्रश्न मार्मिक होता. ती हिवाळाभर निजतच नाहीत. वाळवी, मुंग्या, मोहाची फुले, रानफळे असे काही ना काही त्यांना बारा महिने मिळते. अस्वलीण पिलांसाठी काही काळ गुहेत राहते खरी. पुढे तीच पिले आईच्या पाठीवरील केसांना धरून रानभर फिरतात. आपल्याकडे दडी मारतो तो बेडूक, आणि तोही उन्हाळ्यात. पहिल्या पावसाने जागा होतो. देवही आपल्याकडे आषाढीला निजतात आणि कार्तिकीला उठतात! झोपेचे वेळापत्रक ज्या त्या भूमीचे असते.

मुलांना हिमातले अस्वल ठाऊक आणि असीरगडापलीकडच्या रानातले अनोळखी, ही गोष्ट मला सलते. ज्या रानाची ओळख नाही, ते तुटले तरी कोणाला हळहळ वाटावी? दोष हंफ्रीचा नाही. त्याच डिस्नेकडील क्लेअर वीक्स १९५६ साली मुंबईस फिल्म्स डिव्हिजनमध्ये शिकवावयास आले, आणि १९५७ साली तेथे जातककथेवर ‘बनियन डिअर’ तयार झाला. गर्भवती हरिणीसाठी स्वतःचा प्राण देऊ करणाऱ्या मृगराजाची ती कथा. कला बाहेरून आली, गोष्ट मात्र घरची राहिली.

तसेच आईच्या पाठीवर बसून सातपुडा पाहणारे पिलू कोणी रेखाटील काय? हंफ्रीशेजारी त्यालाही जागा हवी. गुहा तेवढी मोठी खचित आहे.