वाघाच्या गळ्यातला अँटेना

चिमूर तालुक्याच्या एका अंगाला ताडोबा-अंधारी, दुसऱ्या अंगाला उमरेड-कऱ्हांडला. या दोन जंगलांमधले वाघ शेतशिवारांतून ये-जा करतात, म्हणून काहींच्या गळ्यात रेडिओ कॉलर घालतात. कऱ्हांडल्याचा ‘जय’ नावाचा वाघ 2016 च्या एप्रिलनंतर दिसला नाही, त्याच्या कॉलरचे संकेतही थांबले. तिथे अँटेनाच चुकला असे म्हणायला आधार नाही. पण वाघाचा माग अँटेनाच्या एका तारेवर किती अवलंबून असतो, हे त्यातून कळते. कॉलरमध्ये जीपीएस असला तरी जंगलात जवळ जाऊन शोधायला साधारण 150 मेगाहर्ट्झचा ट्रान्समीटर लागतो. त्याच्या लहरीची लांबी 2 मीटर, म्हणून तिला सोयीची तार सुमारे 1 मीटरची. वाघाच्या मानेवर ती आखूड करून पट्ट्यात वळवावी लागते.

अशी तार संगणकावर तपासताना तिचे बारीक तुकडे पाडतात, एका तुकड्याचा दुसऱ्यावरचा परिणाम मॅट्रिक्समध्ये मांडतात आणि ठरावीक जागी वीज देऊन प्रवाह काढतात. उत्तर मिळते, पण त्या एका जोडणीपुरते. रॉबर्ट गार्बाच यांच्या कल्पनेवरून रॉजर हॅरिंग्टन आणि जोसेफ मॉट्झ यांनी 1971 मध्ये त्याच मॅट्रिक्समधून आकाराचे स्वतःचे ‘मोड’, म्हणजे त्यात प्रवाह वाहण्याचे नैसर्गिक साचे, काढण्याची रीत दिली. तबल्याची पुडी तीच, पण बोट कुठे पडते त्यावर बोल ठरतो. तसेच तारेचे मोड आधीच ठरलेले असतात, वीज कुठे जोडली त्यावर त्यातला कोणता जागा होईल ते ठरते. प्रत्येक मोडला एक आकडा असतो, आयगेनव्हॅल्यू. तो शून्य असेल तर तो मोड सहज लहरी फेकतो. आखूड तारेत हा आकडा बराच ऋण असतो, म्हणजे ऊर्जा बाहेर न जाता तारेजवळच्या विद्युत क्षेत्रात घोळत राहते. कॉइल लावून ही तूट भरता येते, पण मग अँटेना इतका नाजूक जुळतो की मानेचा स्पर्शही त्याला बिघडवतो. ही किंमत तार कापण्याआधीच दिसते, आणि माझ्या मते या पद्धतीचे खरे मोल इथेच आहे.

यावर आक्षेप असा की हे गणित स्वच्छ धातूसाठी आहे, वाघाची मान मात्र पाण्यामिठाची. आक्षेप खरा आहे. ऊर्जा शोषणारे शरीर आले की मोड तितके निखळ राहत नाहीत. पण आधी मोकळ्या हवेतले मोड आणि मग मानेसह केलेले गणित शेजारी ठेवले, तर शरीर कोणत्या मोडची ऊर्जा खाते ते कळते आणि आकार बदलता येतो. दुसरे म्हणणे, प्रत्यक्ष बांधूनच पाहावे. शेवटी पाहावे लागतेच. पण इथल्या प्रत्येक चाचणीसाठी एका जिवंत वाघाला बेशुद्ध करावे लागते, आणि त्यात त्याच्या जिवाला धोका असतो. जी चूक संगणकावर पकडता येते, तिच्यासाठी वाघावर डार्ट चालवणे मला समर्थनीय वाटत नाही. कॉलर खरेदी करताना वजन आणि बॅटरीचे आयुष्य विचारले जाते. त्याच यादीत मानेसह केलेल्या या विश्लेषणाची मागणी वनविभागाने घालावी.